रात्र तोडून धरलेला बहार: ड्रॅगन फ्रूटच्या बागेत दिवे नेमकं काय करतात

डाळिंबाचा बहार धरायचा असेल तर बागेचं पाणी तोडतात. झाडाला ताण बसतो, पानगळ होते, पाणी सोडलं की फुलं निघतात. सांगोला, पंढरपूर, आटपाडी, जत या पट्ट्यात ही विद्या नव्यानं शिकवावी लागत नाही. याच पट्ट्यात आता सिमेंटच्या खांबांवर ड्रॅगन फ्रूट चढलं आहे. त्याचा बिगरहंगामी बहार धरायला पाणी तोडून भागत नाही, त्याची रात्र तोडावी लागते. मध्यरात्री बागेत ओळीनं बल्ब जळताना दिसले, तर तिथं हेच काम चाललेलं असतं.

या दिव्यांबद्दल एक समज सगळीकडे आढळतो: उजेड मिळाला की झाड रात्रीही अन्न तयार करतं, त्यामुळे फळ पोसतं, गोडी वाढते, रंग चढतो. या समजापायी शेतकरी महागडे गुलाबी 'ग्रो लाइट' विकत घेतात, रात्र रात्र वीज जाळतात आणि मग फळ फिकं निघालं म्हणून दिव्याला दोष देतात. म्हणून आधी उजेडाचा हिशेब करू.

9 वॅटचा एलईडी बल्ब साधारण 900 लुमेन उजेड देतो. खालच्या बाजूला पसरलेला हा उजेड 1 मीटरवर सुमारे 140 लक्स भरतो (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि दीड मीटरवर 60 ते 65 लक्स. भर दुपारचं ऊन 1 लाख लक्सच्या घरात असतं. चार तास दिवा लावला, तरी फांदीला मिळालेला उजेड दिवसभराच्या उन्हाच्या हजारातला एक भागही होत नाही. एवढ्यात साखर बनत नाही. तरीही 15-20 रात्रींनंतर त्याच फांदीवर कळ्या दिसतात. म्हणजे बल्ब झाडाला खाऊ घालत नाही, निरोप देतो. तो निरोप घेणारा पदार्थ फांदीतच असतो.

फांदीतला निळा रंगकण

त्या पदार्थाचं नाव फायटोक्रोम. एक मोठं प्रथिन आणि त्याला चिकटलेला छोटा रंगकण, अशी त्याची रचना असते. हा रंगकण झाड 'हीम'पासून बनवतं. आपल्या रक्ताला लाल करणाऱ्या रंगद्रव्याच्या गाभ्यातही हीमच असतं. फायटोक्रोम निळसर असतं, पण इतकं थोडं, की फांदीच्या हिरव्या रंगात ते डोळ्यांना कधी दिसत नाही.

त्याची दोन रूपं असतात. एक रूप तांबडा उजेड शोषतं, साधारण 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो शोषला की ते दुसऱ्या रूपात जातं, आणि हे दुसरं रूप झाडाच्या पेशीत प्रत्यक्ष काम करतं. या कामकरी रूपावर 730 नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतितांबडा उजेड पडला, की ते परत पहिल्या रूपात येतं. अंधारातही ते आपोआप पहिल्या रूपाकडे सरकतं, फक्त हळूहळू.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात 1952 साली हे लेट्यूसच्या बियांवर उघड झालं. बियांना आलटून पालटून तांबडा आणि अतितांबडा उजेड दाखवला. शेवटचा झोत तांबडा असेल तर बी उगवायचं, अतितांबडा असेल तर बहुतेक बी निपचित पडून राहायचं. आधी किती झोत दिले, याला किंमत नव्हती. शेवटचा झोत निकाल ठरवत होता. विजेच्या बटणासारखा हा प्रकार बघून, यामागे एकच पदार्थ असणार हे तिथल्या शास्त्रज्ञांनी ताडलं.

आता ड्रॅगन फ्रूटकडे येऊ. दिवसा उन्हात बरंचसं फायटोक्रोम कामकरी रूपात असतं. सूर्य मावळला की ते ओसरू लागतं. रात्र लांब असेल तर पहाटेपर्यंत ते फार कमी उरतं, आणि झाडाच्या लेखी तो थंडीचा काळ ठरतो: फूल काढायचं नाही. मध्यरात्री दिवा लागला की कामकरी रूप पुन्हा भरून येतं. एक लांब रात्र दोन आखूड रात्रींत विभागली जाते आणि झाडाला वाटतं, दिवस मोठे झाले.

इथं झाडाचं स्वतःचं 24 तासांचं घड्याळही धरावं लागतं. फायटोक्रोमचं म्हणणं हे घड्याळ सगळ्या वेळी सारख्याच कानानं ऐकत नाही. मध्यरात्रीच्या आसपास ते सर्वांत सावध असतं. म्हणून संध्याकाळी 6 ते 8 दिवा लावून जे साधत नाही, ते रात्री 10 ते 2 लावून साधतं. तास थोडे आहेत म्हणून ते संध्याकाळी उरकून घेऊ नयेत.

निरोप पटला की पेशी एक छोटं प्रथिन बनवते. ते फांदीच्या रसवाहिन्यांतून डोळ्यापर्यंत, म्हणजे फांदीवरच्या अंकुर फुटायच्या जागेपर्यंत, जातं आणि तिथं फुटव्याऐवजी कळी घडवायला लावतं. असा काही पदार्थ असला पाहिजे, हे 1937 साली मिखाइल चैलाखयान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं मांडलं आणि त्याला 'फ्लोरिजेन' नाव दिलं. तो पदार्थ नेमका कोणता, याचा पक्का पुरावा 2007 साली हाती आला. सत्तर वर्षं नुसतं नाव होतं!

सोलापूरच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सुमारे 13 तास 10 मिनिटांचा असतो आणि डिसेंबरअखेर सुमारे 11 तासांचा. ड्रॅगन फ्रूटला फुलायला साधारण 12 तासांपेक्षा मोठा दिवस लागतो. आपल्याकडे हंगाम जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरात का संपतो, ते यावरून कळतं. मग मार्चअखेर दिवस 12 तासांचा झाल्यावर लगेच फुलं का येत नाहीत? कारण एप्रिल-मेचं ऊन. 38-40 अंशांच्या वर हे झाड जीव सांभाळतं, फुलांच्या फंदात पडत नाही.

ही पद्धत व्यापारी पातळीवर सर्वांत मोठ्या प्रमाणात रुजली ती व्हिएतनाममध्ये, बिन्ह थुआन भागात. तिथं आधी 60 ते 100 वॅटचे तारेचे पिवळे बल्ब असत, मग सीएफएल आले, आता एलईडी. तैवानमध्येही मध्यरात्रीच्या दिव्यांवर हिवाळी बहार धरतात.

हाच दिवा, उलटा परिणाम

पॉलिहाऊसमध्ये शेवंती करणाऱ्यांना रात्रीचे दिवे नवे नाहीत. पण ते दिवे फूल लांबवायला लावतात. शेवंती आखूड दिवसाची. रात्र लांब असेल तरच ती कळी धरते. रात्र तोडली की ती नुसती वाढत राहते आणि दांडा लांब मिळतो. सोयाबीन आणि तूरही त्याच जातकुळीतल्या. रस्त्यावरच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकी रान पिवळं पडलं तरी हिरवंगार राहतं, ते याच कारणानं. म्हणून ड्रॅगन फ्रूटच्या कडेच्या ओळींत दिवे लावण्याआधी बांधापलीकडे काय आहे ते बघा. शेजाऱ्याची शेवंती किंवा उशिराची तूर असेल, तर कडेच्या बल्बना त्या बाजूनं पत्र्याची आड करा. त्याचं नुकसान झालं तर ते महिन्याभरानं दिसतं, आणि कशानं झालं हे त्याला कळतही नाही.

आंब्यात मात्र बल्ब टांगू नका. हापूसचा मोहोर दिवसाच्या लांबीवर येत नाही. पक्व काडी आणि थंडी या दोन गोष्टी जुळल्या की येतो. तिथं दिव्याचं काहीच चालत नाही.

बागेतली मांडणी

12 बाय 8 फुटांवर खांब असतील तर एकरात सुमारे 450 खांब बसतात. ओळीतल्या दोन खांबांच्या मध्ये एक बल्ब धरला तर बल्बही तेवढेच. बल्ब कळी धरणाऱ्या लोंबत्या फांद्यांच्या बाजूला, जमिनीपासून 1 ते सव्वा मीटर उंचीवर यावा. खांबाच्या डोक्यावर फांद्या पेलणाऱ्या रिंगणाच्याही वर टांगला तर वरचा गुंता उजेड अडवतो आणि खालच्या फांद्या अंधारातच राहतात. आठ-दहा दिवसांनी कळीचे ठिपके एकाच बाजूला दिसू लागले, तर मागच्या बाजूला उजेड पोचत नाही असं समजा आणि बल्ब सरकवा.

रंग उबदार पिवळट पांढरा घ्या, डब्यावर 2700 किंवा 3000 केल्विन लिहिलेला. फायटोक्रोमला तांबडा भाग लागतो आणि तो या बल्बमध्ये बऱ्यापैकी असतो. 6500 केल्विनचा निळसर पांढरा बल्ब डोळ्यांना जास्त लख्ख वाटतो, पण त्यात तांबडा भाग कमी असतो. जुने तारेचे बल्ब काम चोख करत, कारण त्यांचा बहुतेक उजेड तांबड्याकडे झुकलेला असतो. मात्र त्यांचा खर्च बघा. 450 बल्ब 60 वॅटचे धरले तर 27 किलोवॅट होतात, चार तासांना 108 युनिट, 20 रात्रींना 2160 युनिट. तेच 9 वॅटच्या एलईडीवर 4 किलोवॅट, रात्रीला 16 आणि 20 रात्रींना सुमारे 325 युनिट.

चार किलोवॅट हा आकडा लहान वाटतो, पण एकाच फेजवर घातला तर साडेसतरा अँपिअर होतात आणि 100 मीटर लांबीच्या अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत 25 व्होल्टच्या वर खाल्ले जातात. तीन फेजवर सारखा वाटला तर फेजला सहा अँपिअर येतात आणि घट फार तर नऊ व्होल्टच्या आसपास राहते. बल्ब घेताना पॉवर फॅक्टर 0.9 किंवा जास्त लिहिलेला बघा. स्वस्त बल्बमध्ये तो 0.5 असतो आणि वायरीतून हिशेबाच्या दुप्पट करंट जातो. वायर गरम का होते, याचं उत्तर पुष्कळदा इथं सापडतं.

बाग ओली असते, रिंगणात लोखंड असतं आणि माणसं रात्री अनवाणी फिरतात. 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय दिवे चालू करू नयेत. यात काटकसर अजिबात नको. होल्डर पावसाळी घ्या आणि बल्ब तोंड खाली करून टांगा. वर तोंड केलेल्या होल्डरमध्ये दव साचतं. टायमर बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल हवा. चकतीचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. दोन-तीन वेळा वीज गेली की रात्री 10 चे दिवे पहाटे 3 ला लागतात आणि बहार का आला नाही याचा पत्ता लागत नाही. शेतीपंपाच्या जोडणीवर रात्री वीज कोणत्या आठवड्यात असते आणि त्यावर दिवे चालवायला परवानगी आहे का, हे सुरुवातीलाच वीज कार्यालयात विचारून घ्या.

कधी लावायचे, कधी थांबायचं

दिवा निरोप देतो, पण झाडाला तो पाळता यायला हवा. रात्रीचं तापमान 15 अंशांच्या खाली गेलं की कळ्या निघणं मंदावतं किंवा थांबतं. पठारावर डिसेंबर-जानेवारीत असंच होतं, म्हणून त्या दोन महिन्यांत दिवे लावणं म्हणजे बिल वाढवणं. दोन खिडक्या उरतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू केलं तर महिनाअखेरीस ते नोव्हेंबरच्या सुरुवातीस कळ्या दिसतात, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात फुलं, आणि फळ जानेवारीत. दुसरी खिडकी फेब्रुवारीत थंडी ओसरल्यावर. त्याचं फळ एप्रिलअखेर येतं. पहिली खिडकी जास्त भरवशाची. दुसरीत फळ ऐन उन्हात वाढतं, साल भाजते आणि शेडनेटचा खर्च वाढतो. शेडनेट आधीच असेल तरच तिच्या वाटेला जावं. कोकणात आणि गोव्यात रात्री इतक्या थंड होत नाहीत, त्यामुळे तिथं मधल्या काळालाही थोडी मोकळीक मिळते.

दिवे लावण्याआधी महिनाभर नत्र आवरा, कोवळे फुटवे काढा, पालाश द्या. फांदी पक्व, गडद हिरवी आणि टणक हवी. कोवळ्या फांदीचा डोळा निरोप ऐकूनही फुटवाच काढतो. नत्र जास्त झालेल्या बागेतही तीच गत: दिवे लागले, डोळे फुगले आणि सगळे फुटवे निघाले. फरक लवकर ओळखता येतो. कळीचा डोळा गोल, गुबगुबीत असतो. फुटव्याचा अरुंद, टोकदार.

रात्री सलग हव्यात. एकदा कळ्या ठळक दिसल्या की आणखी तीन-चार रात्री लावून थांबा. पुढची वाढ झाड स्वतःच्या साठ्यावर करतं. कळीपासून फुलापर्यंत साधारण तीन आठवडे जातात.

फूल आल्यावर जे चुकतं, त्याचा दिव्याशी संबंध नसतो, पण दोष त्यालाच मिळतो. फूल एका रात्रीचं असतं: संध्याकाळी उमलतं, मध्यरात्री पूर्ण खुलतं, सकाळी मिटतं. लाल गराच्या कित्येक वाणांना स्वतःचा पराग चालत नाही. हंगामात शेजारच्या वाणाचा पराग मधमाश्या पहाटे आणून देतात. नोव्हेंबरात दुसरा वाण फुललेलाच नसतो आणि थंडीत माश्या उशिरा बाहेर पडतात. म्हणून दोन वाणांच्या ओळींना एकाच वेळी दिवे लावा आणि रात्री 8 नंतर किंवा पहाटे मऊ ब्रशनं हातानं परागीभवन करा. नाहीतर फुलं भरपूर आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पिवळी पडून गळ, असं चित्र दिसतं.

लाल रंग आणि गोडी कुठून येते

लाल ड्रॅगन फ्रूटचा रंग डाळिंबाच्या किंवा जांभळाच्या रंगासारखा दिसला, तरी पदार्थ निराळा आहे. डाळिंब-जांभळात अँथोसायनिन असतं. निवडुंगाच्या कुळात, बिटात आणि तांबड्या माठात बीटालेन असतं. हे दोन्ही एकाच झाडात सापडत नाहीत. बीटालेनची सुरुवात टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून होते. त्यातून पिवळं बीटालॅमिक आम्ल बनतं आणि ते दुसऱ्या तुकड्याशी जोडलं गेलं की लाल-जांभळं बीटासायनिन तयार होतं.

बीटालेनवर उजेडाचा परिणाम होतो, हे खरं आहे. राजगिऱ्याची रोपं अंधारात उगवली तर रंग फार थोडा येतो. तांबडा उजेड दाखवला की वाढतो, लगेच अतितांबडा दाखवला की तो परिणाम बराचसा पुसला जातो. तिथंही फायटोक्रोमच काम करत असतं. मग ड्रॅगन फ्रूटच्या गरात दिव्यानं रंग का चढू नये? तारखा मांडून बघा. दिवे बंद झाल्यावर तीन आठवड्यांनी फूल येतं आणि त्यानंतर महिना-दीड महिन्यानं फळ. ज्या उजेडानं कळी काढली, तो त्या फळावर कधी पडलेलाच नसतो. शिवाय गर जाड सालीआड असतो, आणि पांढऱ्या गराचा वाण कोणत्याही दिव्याखाली पांढराच राहतो. गराचा रंग वाण ठरवतो आणि त्याची गडदता पक्वता ठरवते.

उन्हाळी-पावसाळी हंगामात फुलापासून 25 दिवसांच्या आसपास साल हिरवी सोडून लाल होऊ लागते, आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी तोडणी जमते. थंडीत हाच प्रवास दीड महिन्यापर्यंत लांबतो. हंगामातले दिवस मोजून जानेवारीत फळ तोडलं तर ते फिकं आणि अळणी लागतं. ड्रॅगन फ्रूट तोडल्यावर आंब्यासारखं आढीत पिकत नाही. गोडी वेलावरच भरावी लागते. जानेवारीत तारीख बघून नव्हे, साल बघून तोडा.

गोडी भरते दिवसाच्या उन्हावर, पण हे झाड कर्बवायू घेतं रात्री. पाणी वाचवायला निवडुंग दिवसा छिद्रं मिटून बसतो, रात्री हवा घेतो, ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा त्याची साखर करतो. पहाटे फांदीचा तुकडा चाखला तर आंबट लागतो, संध्याकाळी तो आंबटपणा ओसरलेला असतो. ही देवाणघेवाण दिवसा 30 आणि रात्री 20 अंशांच्या आसपास सर्वांत चांगली चालते. म्हणून बिगरहंगामी बहारात फळांची संख्या आवरणं दिव्यांपेक्षा महत्त्वाचं ठरतं: एका फांदीवर एक, फार तर दोन फळं ठेवा. दिव्यानं कळ्या हव्या तितक्या निघतात. त्या पोसायला साखर तेवढीच असते.

ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, मोजताना जागा पाळा. फळाच्या मध्यातला गर सर्वांत गोड असतो, सालीलगतचा बराच कमी. एकानं मध्यातला रस घेतला आणि दुसऱ्यानं कडेचा, तर एकाच फळाचे दोन आकडे येतात आणि त्यावरून दिव्यांचे वाद होतात. मध्य आणि कड वेगवेगळे मोजून दोन्ही लिहा.

तोडल्यानंतर मात्र उजेड बीटालेनचा शत्रू होतो. रस पारदर्शक बाटलीत दुकानाच्या दिव्याखाली ठेवला तर रंग उतरतो. उकळला तर लाल जाऊन पिवळट-तपकिरी राहतो, कारण बीटासायनिन तुटून बीटालॅमिक आम्ल सुटं होतं. गर कच्चाच गोठवावा, किंवा थोडं लिंबू पिळून झाकलेल्या गडद भांड्यात फ्रिजमध्ये ठेवावा. लाल गर खाल्ल्यावर लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नये, बीट खाल्ल्यावरही होतं.

पहिल्या वर्षी सगळ्या एकराला दिवे लावू नका. एकाच वाणाच्या, एकाच वयाच्या चार ओळी घ्या: दोन उजेडात, दोन अंधारात, आणि मध्ये किमान दोन ओळींची मोकळी जागा, नाहीतर उजेड सांडून अंधाराच्या ओळीही फुलतात. दिवे कधी लागले, रात्रीचं किमान तापमान किती होतं, पहिली कळी कधी दिसली, खांबामागे किती कळ्या आणि किती फळं टिकली, तोडणीची तारीख, मध्याचा आणि कडेचा ब्रिक्स, एवढं वहीत उतरवा. अंधाराच्या ओळीतही तेवढ्याच कळ्या निघाल्या असतील, तर तुम्ही दिवे लवकर लावलेत. नैसर्गिक हंगामच अजून संपलेला नव्हता. पुढच्या वर्षी पंधरा दिवस उशिरा सुरू करा.